काल्पनिक देशाचा रणगाडा रचताना: तोफ नंतर, पूल आणि इंजिन आधी

विट्याकडचा एक तरुण लेखक कादंबरी लिहितो आहे. तिच्यात त्याने 'येरळदेश' नावाचा देश रचलाय. पश्चिमेला घाट, मध्ये काळी जमीन, दोन मोठ्या नद्या, लोकसंख्या दोन कोटींच्या आसपास आणि पूर्वेला दांडगा शेजारी. या देशाचा मुख्य रणगाडा 'वाघनख'. १९७० च्या दशकापासून आजपर्यंत त्याचा विकास कसा झाला आणि त्याचे कोणते प्रकार निघाले, हे वाचणाऱ्याला पटेल असं कसं लिहू, असा त्याचा प्रश्न. सोबत आराखडाही पाठवलाय: वजन ७२ टन, तोफ १४० मिलिमीटर, वेग ताशी ११० किलोमीटर, आणि एकाच सांगाड्यावर चौदा प्रकार.

नाव राहू द्या, चांगलं आहे. २०२४ मध्ये वाघनखं लंडनहून साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हापासून आमच्या भागात कबड्डीच्या संघांपासून ढाब्यांपर्यंत सगळ्यांना तेच नाव सुचतंय. टँकला तरी ते शोभतं. बाकीचा आराखडा मात्र खोलावा लागेल. मी फौजेत ई.एम.ई. मध्ये, म्हणजे यंत्रदुरुस्तीच्या खात्यात, टँकच्या वर्कशॉपात नोकरी काढली, आता कराडजवळ गावी असतो. त्यामुळे माझं उत्तर टँक खोलणाऱ्याच्या बाजूने येणार. टँक चालवणारा सवार कदाचित वेगळं सांगेल.

सुरुवात पुलापासून करा. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ चा. तुमच्या येरळदेशाने १९७० मध्ये टँक बनवायला घेतला, तेव्हा त्याच्या नद्यांवरचे निम्मे पूल याच पिढीचे असणार. आपल्याकडे महामार्गावरचा पूल बांधताना इंजिनियर हिशेबात पट्ट्यांवर चालणारं एक लष्करी वाहन धरतात, त्याचं वजन ७० टन. सिव्हिल शिकणाऱ्या कुठल्याही पोराला 'सेव्हन्टी आर' विचारा, तो सांगेल. म्हणजे तुमचा ७२ टनांचा वाघनख आजच्या नव्या पुलाच्याही कागदावर बसत नाही. जिल्हा मार्गावरच्या जुन्या पुलांबद्दल तर बोलायलाच नको.

डोंगराळ देश हे गणित कसं सोडवतो ते जपानकडे पाहिलं की कळतं. त्यांचा टाइप ९० हा ५० टनांचा टँक मुख्यतः उत्तरेच्या होक्काइदो बेटावरच राहिला. पुढचा टाइप १० त्यांनी मुद्दाम ४४ टनांच्या आसपास ठेवला, कारण बाकीच्या देशातले रस्ते आणि पूल त्याहून जास्त सोसणारे नव्हते. आपल्याकडचा दाखला त्याहून जुना आहे. १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये झोजीला खिंडीत सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट टँक अचानक उभे राहिले आणि समोरची फळी फुटली. ते लहानसे टँक जम्मूकडून श्रीनगरला नेताना त्यांचे टरेट, म्हणजे तोफेचे फिरते घुमट, उतरवले होते. एक कारण गुप्तता, दुसरं वाटेतल्या पुलांवरचा भार. रेल्वेचंही तसंच. आपला अर्जुन टँक रुंदीला पावणेचार मीटरच्या वर जातो, त्याला मालगाडीची नेहमीची वाघीण चालत नाही, वेगळी बनवावी लागली. येरळदेशाच्या घाटात रेल्वेचे बोगदे असतील तर वाघनखची रुंदी त्या बोगद्यांनीच ठरवलेली आहे असं समजा.

मग माती. टँकचा जमिनीवरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.८ ते १ किलो असतो. आकडा ऐकून माणसं चकित होतात, कारण भरलेल्या उसाच्या ट्रॉलीच्या चाकाखालचा दाब याच्या कितीतरी पट असतो. पण ट्रॉली रुतली तर दोन ट्रॅक्टर लावून निघते. चाळीस टन रुतले की दिवस गेला. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरला आपल्या फौजेनं शेतांत पाणी सोडलं. पाकिस्तानचे पॅटन टँक उभ्या उसात आणि चिखलात अडकले, आणि दडून बसलेल्या आपल्या सेंच्युरियन टँकांनी आणि जीपवरच्या रिकॉइललेस तोफांनी ते टिपले. हवालदार अब्दुल हमीद यांचं परमवीर चक्र याच लढाईतलं. तुम्ही विट्याचे, म्हणजे कृष्णाकाठची काळी जमीन जुलैत कशी होते ते मी सांगायला नको. येरळदेशाची युद्धं पावसाळ्यात होऊ द्या की उन्हाळ्यात, टँक बनवणाऱ्याने मात्र पावसाळाच धरलेला असतो.

एवढ्यावरून पहिल्या वाघनखचं वजन निघालं: ४० ते ४२ टन. आपला जुना विजयंता टँक त्याच वजनाच्या आसपास होता, जर्मनांचा लेपर्ड १ सुद्धा.

आता इंजिन. तुमच्या आराखड्यात यावर एक ओळ आहे, 'शक्तिशाली स्वदेशी इंजिन'. सगळ्या आराखड्यातली सर्वात खोटी वाटणारी ओळ हीच. अर्जुनला मंजुरी मिळाली १९७४ मध्ये, फौजेत पहिली खेप आली २००४ मध्ये, आणि तो आला तो जर्मन १४०० हॉर्सपॉवरच्या इंजिनावर. पुढच्या टँकसाठी आपलं स्वतःचं १५०० हॉर्सपॉवरचं इंजिन म्हैसूरला पहिल्यांदा चाचणीवर सुरू झालं मार्च २०२४ मध्ये. पन्नास वर्षं. हा देश तेवढ्या काळात उपग्रह सोडत होता, तरीही.

किर्लोस्करवाडी १९१० मध्ये लोखंडी नांगरापासून उभी राहिली. तशी एखादी फाउंड्री येरळदेशातही दाखवा, छान वाटेल. पण विहिरीवर चालणारं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन आणि टँकचं ८०० हॉर्सपॉवरचं इंजिन यांत नुसता आकाराचा फरक नसतो. तेवढी ताकद एक टनाच्या आतबाहेरच्या यंत्रातून काढायची, ते यंत्र बंद पेटीत धुळीत चालवायचं, आणि क्रँकशाफ्ट, डिझेल पंप, बेअरिंग सगळं त्या मापाचं. हे धातू आणि ही मशीनिंग एका पिढीत येत नाही.

म्हणून दोन खरे रस्ते तुमच्यासमोर आहेत. पहिला रशियनांचा. १९३० च्या दशकात खारकीव्हला त्यांनी बारा सिलिंडरचं एक डिझेल इंजिन बनवलं, साधारण ३८.८ लिटरचं. टी-३४ मध्ये ते ५०० हॉर्सपॉवर देत होतं, टी-५५ मध्ये ५८०, टी-७२ मध्ये ७८०, टी-९० मध्ये १०००. घराणं तेच, सिलिंडरचं माप तेच, फक्त पिळून जास्त काढत गेले. दुसरा रस्ता इंग्रजांचा, आणि तो कसा चालू नये यासाठी लक्षात ठेवा. त्या काळी नाटोची इच्छा होती की इंजिन कुठल्याही इंधनावर चालावं. त्यातून लेलँडचं एल-६० आलं, समोरासमोर पिस्टनचं, टू-स्ट्रोक. चीफटन टँकची तोफ आणि चिलखत त्या काळी नावाजलेलं, पण या इंजिनाने त्याला आयुष्यभर रडवलं. आपल्या विजयंतामध्येही तेच इंजिन होतं, आणि त्यावर हात काळे केलेल्या जुन्या मेकॅनिकसमोर त्याचं नाव काढलं की चहा थंड होईपर्यंत तो बोलतो. येरळदेशाच्या एखाद्या मंत्र्याने सभागृहात 'आमचा टँक रॉकेलवरही चालेल' असं सांगितलं आणि पुढची दहा वर्षं वर्कशॉपने ते भोगलं, हा प्रसंग तुम्हाला फुकट देतो.

इंजिन कुठलं याइतकंच ते बाहेर कसं निघतं हे महत्त्वाचं. टी-७२ मध्ये इंजिन आडवं बसतं. त्याची ताकद आधी बाजूच्या एका गिअरपेटीत जाते, तिथून दोन टोकांच्या दोन गिअरबॉक्समध्ये. ते बदलायचं म्हणजे मागचा डेक उघडायचा, रेडिएटर उचलायचा, डिझेलच्या, तेलाच्या, हवेच्या नळ्या सोडायच्या, प्रत्येकीच्या तोंडाला फडकं बांधायचं म्हणजे कचरा जात नाही, मग क्रेन. इथवर काम हाताला लागलेलं असतं. वेळ खाते ती नवं इंजिन बसल्यानंतरची जुळणी. इंजिनाचा शाफ्ट आणि गिअरपेटीचा शाफ्ट एका रेषेत यायला हवेत. नसतील तर इंजिनाच्या पायाखाली पातळ पत्र्याची शिम घालायची, मोजायचं, परत उचलायचं, एक शिम काढायची, परत मोजायचं. राजस्थानातल्या उन्हात हल, म्हणजे टँकचा खालचा पोलादी सांगाडा, इतका तापलेला असतो की हात टेकवता येत नाही. घाई केली तर शाफ्ट थोड्याच दिवसांत सांगतो. याउलट लेपर्डमध्ये इंजिन, गिअरबॉक्स, थंड करायचे पंखे सगळं एका गठ्ठ्यात, त्याला पॉवर पॅक म्हणतात. झटपट सुटणारे जोड काढायचे आणि अख्खा गठ्ठा उचलायचा. अर्ध्या तासाच्या आत काम. मग तो गठ्ठा मागे वर्कशॉपात सावकाश दुरुस्त होतो, टँक पुढे जातो. पण पॉवर पॅकला जागा लागते, हल लांब होतो, वजन वाढतं, आणि राखीव पॅकचे पैसे वेगळे. येरळदेशाने यातलं काय निवडलं? हा एक निर्णय लिहिलात की लढाईच्या तिसऱ्या दिवशी किती टँक उभे असतील हे आपोआप ठरतं.

तोफेचं थोडक्यात. १९७० च्या दशकात १०५ मिलिमीटर घ्या. इंग्रजांची एल-७ तोफ विजयंतात होती, लेपर्ड १ मध्ये होती, तिच्याच घराण्यातली इस्रायलच्या पहिल्या मर्काव्हात आणि अमेरिकेच्या पहिल्या अब्राम्समध्येही होती. दारूगोळा बाजारात मिळायचा, हे छोट्या देशाला फार. १४० मिलिमीटरच्या तोफेचे प्रयोग पाश्चात्त्य देशांनी केले, पण फौजेत कुणी आणली नाही. गोळा इतका जड की माणूस भरू शकत नाही, यंत्र लागतं, टरेट मोठं होतं, आणि परत पुलापाशी येऊन अडतं. ताशी ११० किलोमीटर खोडून टाका. सत्तर लिहा, तोही पक्क्या रस्त्यावर. शेतातून त्या वेगाने गेलात तर आत तोफ भरणाऱ्या लोडरचे दात तुम्हाला मोजावे लागतील.

माणसं किती, हाही प्रश्न आहे. टी-७२ मध्ये तिघं: ड्रायव्हर, गनर, कमांडर. तोफ यंत्र भरतं, खालच्या फिरत्या चकतीत २२ गोळे. चौथा माणूस वाचला म्हणून टँक बुटका आणि हलका झाला. पण ट्रॅक, म्हणजे चाकांवरचा पट्टा, तुटला, पिन ठोकून काढायची, नवी कडी लावायची, रात्री पहारा द्यायचा, डिझेल भरायचं, हे सगळं आता तिघांच्या वाट्याला येतं. शिवाय चकतीपर्यंत आग पोचली तर गोळे फुटून टरेटच उडतं, ते गेल्या काही वर्षांत सगळ्यांनी पाहिलंय. दोन कोटींच्या देशाला माणूस महाग. मी असतो तर वाघनखमध्ये चौघं ठेवले असते.

आता मार्क, म्हणजे टँकच्या सुधारित आवृत्त्या. नवा मार्क काढायला जुन्याचं काहीतरी दुखणं लागतं. ते दुखणं नाव घेऊन सांगता येत नसेल तर तो मार्क गाळा.

मार्क १ समजा १९७२ ला नमुना आणि १९७९ ला फौजेत. मधली सात वर्षं परदेशी इंजिनाचा परवाना आणि गिअरबॉक्सच्या तक्रारी यात गेली. ४१ टन, १०५ मिलिमीटर, ७५० हॉर्सपॉवर. मार्क १अ दोन-तीन वर्षांत, बाहेरून ओळखू येणार नाही असा: हवेचा फिल्टर मोठा, ब्रेक बदललेले, ड्रायव्हरची सीट बदललेली. लेखक हा मार्क नेहमी गाळतात, खऱ्या फौजेत तो नेहमी असतो.

मार्क २ ला कारण बाहेरून आणा. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये सिनाईच्या वाळवंटात इजिप्तच्या पायदळाने रशियन सॅगर क्षेपणास्त्रांनी इस्रायली टँक फोडले आणि जगभरच्या टँकवाल्यांची झोप उडाली. १९८२ मध्ये लेबनॉनमध्ये इस्रायलने चिलखतावर स्फोटकांच्या विटा लावून पहिल्यांदा युद्धात उतरवल्या. येरळदेशाने १९८० च्या दशकाअखेर तेच केलं, त्यात तोफेला लेझर आणि संगणक जोडला, वजन ४६ टनांवर गेलं. इंजिन तेच ठेवलं तर टँक मंद होणार. ९०० हॉर्सपॉवरवर नेलं तर फायनल ड्राइव्ह, म्हणजे ट्रॅक फिरवणारी शेवटची गिअरपेटी, फुटायला लागणार. वजन वाढलं की चाकांना स्प्रिंगसारखे पेलणारे टॉर्शन बार बसतात, चाकांचं रबर सोलतं. हे वर्कशॉपात आधी कळतं, मुख्यालयात नंतर. वजन कधीच कमी होत नाही, हे मात्र लिहून ठेवा. अर्जुन साडेअठ्ठावन्न टनांवरून मार्क १ए मध्ये ६८ वर गेला.

मार्क ३ मध्ये १२० मिलिमीटर गुळगुळीत नळीची तोफ, नवं टरेट, रात्री उष्णतेवरून दिसणारी दुर्बीण, ५२ टन. तो महाग पडू द्या. राजधानीजवळच्या एका ब्रिगेडला मिळाला, बाकी फौज सुधारलेल्या मार्क १ वरच. तुमच्या कथेतला नायक मार्क ३ मध्ये बसवू नका. तो जुन्यात बसलेला जास्त खरा वाटेल.

प्रकारांपाशी येतो. चौदा जास्त झाले. सांगाड्याचे प्रकार बहुधा नव्या टँकवर निघत नाहीत. नवा टँक आला की रिकाम्या पडलेल्या जुन्या हलवर निघतात. विजयंताचा हल लांबवून त्यावर रशियन १३० मिलिमीटरची एम-४६ तोफ टरेटशिवाय चढवली, ती आपली कॅटापल्ट. विजयंतावरच पूल टाकणारा कार्तिक झाला. इस्रायलने पकडलेल्या टी-५५ चं टरेट काढून त्यात सैनिक नेणारी अख्झारित बनवली. मागून दार पाहिजे म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स छोटे बसवून एका बाजूने वाट काढली. उलट अर्जुनच्या हलवर दक्षिण आफ्रिकेचं १५५ मिलिमीटरचं टरेट बसवायचा 'भीम' प्रकल्प तांत्रिक नव्हे तर खरेदीच्या भानगडीत बसला. येरळदेशाचाही एक प्रकार असाच बसू द्या.

सगळ्यात आधी कुठला प्रकार? रिकव्हरी, म्हणजे रुतलेले टँक ओढून काढणारा. हे मी माझ्या खात्याचं म्हणून सांगत नाही, हिशेब सांगतो. रुतलेला टँक ओढायचा ठोकताळा असा: चाकांपर्यंत रुतला तर त्याच्या वजनाइतकी ओढ, फेंडरपर्यंत, म्हणजे ट्रॅकवरच्या पत्र्यापर्यंत, रुतला तर दुप्पट, टरेटपर्यंत रुतला तर तिप्पट. ४१ टनांचा वाघनख काळ्या चिखलात फेंडरपर्यंत गेला म्हणजे ८२ टन ओढ हवी. रिकव्हरी टँकचा विंच, म्हणजे दोरी गुंडाळून ओढणारं यंत्र, असतो पंचवीस-तीस टनांचा. मग दोरी पुलीतून फिरवून तीन-चार पदरी करायची, घर्षणात जाणारं धरायचं, रिकव्हरी टँकने पुढचं पातं जमिनीत रोवून स्वतःला अडकवायचं, नाहीतर रुतलेला तिथेच राहतो आणि ओढणारा त्याच्याकडे सरकत जातो. दोरी ताणली की सगळ्यांना लांब पिटाळायचं. पोलादी दोरी सुटली तर माणूस कापते. आणि हे सुरू करण्याआधी खोऱ्याने ट्रॅकपुढची माती काढायची, कारण चिखल टँकला खालून चोखून धरतो. रशियन टँकच्या मागे आडवा बांधलेला लाकडी ओंडका तुम्ही फोटोत पाहिला असेल. तो दोन्ही ट्रॅकना समोरून बांधायचा आणि टँक पुढे घ्यायचा. ट्रॅक ओंडका खाली ओढतो आणि टँक त्यावर चढून बाहेर येतो. वाघनखच्या मागे बाभळीचा ओंडका दाखवा. वाचणाऱ्यांत एखादा फौजी असेल तर तो तिथेच तुमच्या बाजूने होईल.

दुसरा पूल टाकणारा, कारण दोन नद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य ओढे. साधारण वीस मीटरचा पूल पुरे. कृष्णेसारखी नदी त्याने ओलांडत नाहीत, ओढे आणि कालवे ओलांडतात. तिसरा टरेटशिवायची तोफ, कॅटापल्टच्या धर्तीवर. चौथा सुरुंग काढणारा, पण त्याला वेगळा टँक लागत नाही, साध्या टँकपुढे नांगर किंवा रोलर जोडतात. पाचवा ड्रायव्हर शिकवायचा, टरेटच्या जागी काचेची केबिन आणि वजनाला लोखंड. कादंबरीत याला कुणी विचारत नाही, पण नवी पोरं कुठेतरी शिकली पाहिजेत. विमानविरोधी प्रकार जर्मनांनी लेपर्ड १ वर गेपार्ड म्हणून केला, फार चांगला, फार महाग. येरळदेशाला नमुना बनवून दोन संचलनांत मिरवू द्या, पुढे पैसे नाहीत. बाकीचे आठ खोडा.

घाटाच्या वर, थंडीत आणि पातळ हवेत लढाई दाखवायची असेल तर वाघनख तिथे पाठवू नका. गलवाननंतर आपल्यालाही 'जोरावर' नावाच्या २५ टनांच्या वेगळ्या हलक्या टँकची गरज पडली, त्याचा नमुना जुलै २०२४ मध्ये हजिऱ्याला दाखवला. त्या कामाला दुसरा टँक, दुसरी गोष्ट.

लिहायच्या आधी एकदा अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय बघून या. विजयंता आणि सेंच्युरियन दोन्ही तिथे आहेत. तोफेपुढे उभं राहून फोटो काढा, पण वही मागच्या बाजूला उघडा. डेकच्या झाकणांचे बोल्ट मोजा, डिझेल भरायचं तोंड कुठे आहे ते पाहा, ओढायचे हुक किती जाड आहेत ते हाताने चाचपा. चाकांच्या रबराला कुठे कुठे चिरा गेल्यात तेही लिहून घ्या.